गिरणीतलं यंत्र

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातलं मेनार्ड गाव. ही लाल विटांची लोकरीची गिरणी. अमेरिकन यादवी युद्धात सैनिकांची ब्लँकेटं इथून जायची. 1957 साली कॉम्प्युटरची कंपनी काढायला गिरणीतली थोडी जागा दोन तरुण इंजिनीअरांनी भाड्यानं घेतली: केन ओल्सन आणि हार्लन अँडरसन. दोघंही एमआयटी या तंत्रविद्यापीठाच्या लिंकन प्रयोगशाळेतले.

भांडवल 70 हजार डॉलर. ते दिलं जॉर्ज डोरिओ यांच्या गुंतवणूक संस्थेनं, आणि बदल्यात कंपनीचा 70 टक्के हिस्सा घेतला. सोबत एक सल्लाही मिळाला: ‘कॉम्प्युटर’ हा शब्द उच्चारू नका! त्या धंद्यात भल्याभल्यांचे हात पोळले होते. म्हणून नाव पडलं डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन, म्हणजे डेक. सुरुवातीला डेकनं प्रयोगशाळांना फक्त सर्किटची मॉड्यूल्स, म्हणजे जोडून यंत्र उभारता येईल असे तयार सुटे भाग, विकली आणि पहिल्याच वर्षी नफा दाखवला.

1959 मध्ये त्याच मॉड्यूल्समधून पहिलं यंत्र उभं राहिलं. तेव्हाही तो शब्द टाळलाच. नाव ठेवलं ‘प्रोग्रॅम्ड डेटा प्रोसेसर’, पीडीपी-1. किंमत 1 लाख 20 हजार डॉलर. मोठी यंत्रं तेव्हा दहा-दहा लाखांना जात. डेकनं एक यंत्र एमआयटीला भेट दिलं, आणि तिथल्या पोरांनी त्यावर काय केलं? पडद्यावर दोन अंतराळयानं लढवली. ‘स्पेसवॉर’ हा तो 1962 चा खेळ. पुढे यंत्र ठीक चालतंय का, हे तपासायला डेकनं हाच खेळ वापरला.

खरी बाजी मारली ती 1965 च्या पीडीपी-8 नं. शब्द, म्हणजे यंत्र एका वेळी हाताळतं तेवढा माहितीचा तुकडा, 12 बिटांचा (बिट म्हणजे एक 0 किंवा 1); स्मृती अवघ्या 4096 शब्दांची, किंमत 18 हजार डॉलर. जाहिरातीच्या फोटोत हे यंत्र चक्क उघड्या फोक्सवॅगनच्या मागच्या सीटवर बसलंय. कॉम्प्युटरला वातानुकूलित खोली आणि पुजारी लागतात, ही समजूत इथं मोडली. आता एखादा प्रयोगशाळेचा प्रमुख स्वतःचं यंत्र घेऊ शकत होता. दुसरे कारखानदार तर ते आपल्या यंत्रांच्या पोटातच बसवू लागले. त्याची रचना करणारे एडसन डी कॅस्ट्रो 1968 मध्ये बाहेर पडले आणि डेकशीच टक्कर द्यायला त्यांनी ‘डेटा जनरल’ काढली.

1974 मध्ये डेकमधल्याच डेव्हिड आल यांनी आणखी लहान, घरात ठेवता येईल असा कॉम्प्युटर करायचा प्रस्ताव मांडला. वरिष्ठांनी तो फेटाळला. आल यांनी नोकरी सोडली.

1998 मध्ये डेक विकली गेली, 9.6 अब्ज डॉलरला. घेणारी कंपनी कॉम्पॅक. तिचा धंदा पर्सनल कॉम्प्युटरचा.