एका हाताची मेजवानी

श्रोतेहो, नमस्कार.

ऐकता ऐकता एक छोटीशी गोष्ट करून बघा. एका हातात पाण्याने भरलेला ग्लास घ्या, दुसऱ्या हातात छोटी बशी. आता ग्लास खाली न ठेवता बशीतलं काहीतरी तोंडात टाका. जमत नाही ना? सुट्टीच्या दिवसांत आपण ज्यांना हौसेने घरी बोलावतो, ती माणसं दोन-तीन तास नेमकी अशीच उभी असतात. त्यात कुणी ओळखीचं भेटलं, हात मिळवायला पुढे आलं, की आणखी पंचाईत.

म्हणून उभ्याने खाण्यापिण्याचा बेत ठरवायला बसते तेव्हा मी आधी पाहुण्याच्या हाताचा विचार करते, मग पदार्थांचा. एका हातात ग्लास राहणार, तेव्हा खाण्यासाठी उरला एकच हात. त्या एका हाताने पदार्थ उचलता आला पाहिजे आणि एका घासात, फार तर दोन घासांत, तो संपला पाहिजे. आकार साधारण 3 ते 4 सेंटीमीटर. बोटाला तेल लागू नये, कपड्यावर ठिबकू नये, चावताना निम्मा चुरा खाली पडू नये. एखादा पदार्थ यादीत घालायचा की नाही असा प्रश्न पडला, तर त्याचा एकच नग करा आणि हातात ग्लास धरून उभ्याने खाऊन बघा. चवीला उत्तम असलेले कितीतरी पदार्थ तिथेच बाद होतात, आणि ते बाद झालेले बरे.

पावाच्या छोट्या तुकड्यांवर काहीतरी ठेवून द्यायचं हा तर सगळ्यांचा आवडता प्रकार. पण तासाभरात पाव ओला होतो, मध्येच वाकतो आणि वरचं सारण घसरून पडतं. त्यावर उपाय आहे. तुकडे आधी कुरकुरीत भाजून पूर्ण गार होऊ द्या. गरम असताना डब्यात भरले तर त्यांच्याच वाफेने मऊ पडतात. मग लोण्याचा किंवा मऊ चीजचा पातळ थर अगदी कडेपर्यंत लावा. हा स्निग्ध थर पाणी अडवतो. काकडी किंवा टोमॅटो वापरणार असाल तर चिरून मीठ लावा, पंधरा-वीस मिनिटं चाळणीत ठेवा आणि सुटलेलं पाणी निथळून, फडक्याने टिपून घ्या. मीठ आधीच लागलेलं असतं, म्हणून वरून घालताना हात जरा आखडता. आणि पाव वापरायचाच नसेल तर काकडीची जाड चकती हीच बशी समजा. तिच्यावर चमचाभर चीजचं सारण आणि वर भाजलेल्या तिळांची चिमूट. उचलायला सोपी, खायला गारेगार.

आता थोडा हिशेब. कागद-पेन जवळ असेल तर लिहून घ्या. नंतर जेवण असेल तर माणशी 5-6 नग पुरतात. हेच जेवणाच्या जागी असेल तर माणशी 10 ते 12 धरा. वीस माणसं म्हटली की 200 ते 240 नग झाले! हा आकडा एकदा डोळ्यांसमोर आला की दहा-बारा प्रकार करण्याचा उत्साह आपोआप शहाणा होतो. प्रकार 5-6 पुरेत आणि प्रत्येकाचे माणशी दोन नग. एक लक्षात ठेवा, प्रकार वाढवले म्हणून प्रत्येकाचं प्रमाण त्या मानाने कमी होत नाही, कारण आलेला प्रत्येक जण एकेक तरी चाखून बघतोच.

त्या पाच-सहा प्रकारांत गरम किती? माझं उत्तर ठाम आहे: एक, फार तर दोन. हे मी अनुभवाने सांगते. एका वर्षी मी तीन तळलेले प्रकार ठरवले. गरमागरम द्यायचे म्हणून पूर्ण संध्याकाळ कढईपाशी उभी राहिले. बाहेर हसण्याचा आवाज येत होता आणि मी आत घाणे काढत होते. बऱ्याच वर्षांनी आलेली एक मैत्रीण निघताना आत डोकावली, दोन वाक्यं बोलली आणि गेली. तिच्याशी बोलायचं राहिलं ते राहिलंच. तेव्हापासून पाहुणे आल्यावर कढई पेटवायची नाही असं ठरवलं. एक गरम पदार्थ ओव्हनमध्ये तापवून काढण्यासारखा निवडते. बाकीचे सगळे गार किंवा घरातल्या तपमानालाच चांगले लागणारे. डिप, म्हणजे काप बुडवून खायची दाटसर चटणी, आदल्या दिवशी करून ठेवली तर चव उलट जास्त मुरते. गाजराचे लांब काप ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवले की दुसऱ्या दिवशीही कडक राहतात. सफरचंद मात्र ऐनवेळी चिरा आणि लगेच लिंबाचा रस चोळा, नाहीतर हवा लागून काळं पडतं. चीजचे तुकडे वाढण्याआधी अर्धा तास बाहेर काढा. फार गार चीजला चव लागत नाही.

पेयांचं गणित वेगळं. लोक आल्या-आल्या जास्त पितात. पहिल्या तासाला माणशी दोन ग्लास आणि पुढे दर तासाला एक. तीन तासांची मेजवानी असेल तर माणशी चार ग्लास, वीस जणांचे ऐंशी. बर्फ घातलेल्या ग्लासात पेय साधारण 150 मिलिलिटर मावतं, म्हणजे एकूण 12 लिटर झालं. पाणी त्याशिवाय. बर्फ माणशी किमान अर्धा किलो हवा, उन्हाळा असेल तर त्याहून जास्त. मेजवानीत सगळ्यात आधी संपतो तो बर्फच.

पेयांचे प्रकार तीन ठेवले तरी भरपूर झाले: एक आंबटगोड सरबत, एक सोडा घातलेलं फळांचं पेय आणि साधं पाणी, त्यात हवं तर पुदिन्याची पानं किंवा लिंबाच्या चकत्या. सरबताची चव ते गार झाल्यावरच बघा. थंडपणामुळे गोडी कमी जाणवते, म्हणून कोमट असताना बरोबर वाटलेलं सरबत गार झालं की फिकं लागतं. सोडा थंडगार असू द्या आणि अगदी शेवटी घाला. त्यातला वायू गार पाण्यात जास्त टिकतो, कोमट झालं की भराभर उडून जातो. मोठ्या भांड्यात पेय ठेवणार असाल तर एखाद्या वाडग्यात पाणी गोठवून मोठा ढेप तयार करा. लहान खड्यांपेक्षा तो सावकाश वितळतो आणि पेय पाणचट होत नाही. बाटल्या लवकर गार करायच्या असतील तर नुसत्या बर्फात खुपसू नका, त्यात पाणीही ओता. पाणी बाटलीला चहूबाजूंनी लागतं, बर्फाचे खडे तसे लागत नाहीत.

मद्य ठेवायचं की नाही हे ज्याने त्याने ठरवावं. पण ठेवलं तर न पिणाऱ्यांसाठीचं पेयही तितक्याच मनापासून केलेलं असावं, कोपऱ्यातली कोमट बाटली नसावी. दोन्ही पेयांच्या भांड्यांवर ठळक चिठ्ठी लावा. खाणं पहिल्या मिनिटापासून समोर असू द्या, रिकाम्या पोटी मद्य लवकर चढतं. घरी गाडी कोण चालवत नेणार आहे, हेही आधीच विचारून ठेवा.

विचारण्यावरून आणखी एक सांगते, आणि ह्यात हयगय नको. आमंत्रण देतानाच विचारा, कुणाला काही चालत नाही का? शेंगदाणे, सुकामेवा, तीळ, दूध, अंडी, गहू, सोयाबीन, मासे ह्यांची ॲलर्जी काही जणांना जिवावर बेतू शकते. प्रत्येक ट्रेसमोर पदार्थाचं नाव आणि त्यात काय आहे ते लिहा, चमचे-चिमटे वेगळे ठेवा. लहान मुलं येणार असतील तर अख्खे दाणे आणि अख्खी द्राक्षं त्यांच्या हाताला लागतील अशी ठेवू नका. द्राक्षं घशात अडकू शकतात. ती उभी चिरून चार फोडी करून द्या. टूथपिक टोचलेले पदार्थही मुलांपासून दूर.

चीज, अंडी, मांस, शिजवलेला भात असे पदार्थ दोन तासांहून अधिक वेळ बाहेर ठेवू नयेत, आणि हवा 32 अंशांवर तापली असेल तर एकच तास. म्हणून मोठा ट्रे एकदम भरून ठेवण्यापेक्षा दोन लहान ट्रे करा. एक बाहेर, एक फ्रिजमध्ये. पहिला रिकामा झाला की तो उचलून दुसरा ठेवा. जुन्यावर नवीन ओतत राहिलं तर तळाचे नग तसेच पडून राहतात. आणि अर्ध्या रिकाम्या ट्रेला कुणी हात लावत नाही, ताज्या ट्रेभोवती मात्र लगेच माणसं जमतात.

खाणं एका टेबलावर आणि पेयं दुसऱ्या टोकाला मांडा, दारापासून दोन्ही लांब. म्हणजे दारात गर्दी तुंबत नाही आणि माणसं घरभर फिरतात, एकमेकांना भेटतात. वयस्कर मंडळींसाठी चार खुर्च्या आणि ग्लास टेकवायला जागा हवीच. कागदी रुमाल माणशी तीन धरा. आणि एक रिकामी वाटी, जिच्यात तुम्ही स्वतः आधीच एक वापरलेली टूथपिक टाकून ठेवा. ती दिसली की टूथपिक कुठे टाकायची हे कुणाला विचारावं लागत नाही.

पाहुणे यायच्या अर्धा तास आधी बर्फ फोडा, पाण्याचे जग भरा, कोरडे पदार्थ मांडा. गरम पदार्थाचा ट्रे ओव्हनजवळ तयार ठेवा, तो पहिले चार-पाच जण आले की आत सरकवायचा. मग हात धुवा, एप्रन खुंटीला अडकवा आणि बेल वाजली की दार उघडायला तुम्हीच जा.

नमस्कार.