शब्द काढून टाकलेला मॅकबेथ

नमस्कार मंडळी! आज एका जपानी पिक्चरबद्दल बोलायचंय, १९५७ चा, ब्लॅक अँड व्हाइट, अकिरा कुरोसावाचा 'थ्रोन ऑफ ब्लड'. गोष्ट शेक्सपिअरच्या मॅकबेथचीच, म्हणजे सत्तेसाठी बायकोच्या भरीला पडून आपल्याच राजाचा खून करणाऱ्या सरदाराची, फक्त स्कॉटलंडऐवजी जपानमधला सरदारांच्या लढायांचा काळ, तीन चेटकिणींऐवजी जंगलात चरखा फिरवत बसलेली एकच पांढरीफटक म्हातारी, आणि मॅकबेथ म्हणजे वाशिझू, ते काम तोशिरो मिफुनेचं.

आपल्याकडे शिरवाडकरांनी याच नाटकावरून 'राजमुकुट' लिहिलं, तिथे भाषा हीच खरी ताकद. कुरोसावाने मात्र शेक्सपिअरचं सगळं काव्य, ती गाजलेली स्वगतं, काढूनच टाकली. मला आधी हे पटेचना, मग मॅकबेथमध्ये उरलं काय?

तर ऐका. मध्यरात्र झालीये, वाशिझूच्या बायकोला, असाजीला, पहारेकऱ्यांसाठी गुंगीची दारू आणायचीये. इसुझु यामादाने ही असाजी केलीये, चेहऱ्याचा मेकअप नोह नाटकातल्या, म्हणजे जपानच्या जुन्या मुखवटे घालून करायच्या नाटकातल्या, मुखवट्यासारखा, आणि ती बसते चालते तेही नोहसारखंच, म्हणजे पाऊल न उचलता जमिनीवरून घासत. ती काळोख्या दारातून आत जाते, दिसेनाशी होते, आपल्याला फक्त तिच्या रेशमी किमोनोची सळसळ ऐकू येते, मग त्याच काळोखातून ती दारूचं भांडं घेऊन बाहेर येते. संवाद एकही नाही! धन्याचा खून तर दाखवतच नाहीत. वाशिझू रक्ताळलेला भाला घेऊन परत येतो तेव्हा त्याची मूठच सुटत नाही, तिला तो भाला त्याच्या हातातून ओढून काढावा लागतो. पुढे रक्ताचे डाग जाईनात म्हणून ती हात धूत बसते ते तर मूळ नाटकातलंच आहे, पण इथे खोलीच्या भिंतीवरही आधीच्या एका फितुराच्या रक्ताचा डाग आहे, घासूनसुद्धा न गेलेला.

मला वाटतं कुरोसावाने शेक्सपिअरला आपल्या घरातल्या नाट्यपरंपरेतून वाचलं, म्हणूनच हे कुठेही नक्कल वाटत नाही. फुजी पर्वताच्या उतारावरची काळी माती आणि धुकं, तेसुद्धा त्याने पात्रासारखं वापरलंय.

आणि शेवट! मूळ नाटकात मॅकबेथला त्याचा शत्रू मॅकडफ मारतो, इथे वाशिझूचे स्वतःचेच सैनिक त्याच्यावर बाण सोडतात, एकामागून एक. शूटिंगला त्यातले बरेच बाण खरे होते, धनुर्धारींनी मिफुनेच्या आजूबाजूला मारलेले, त्यामुळे त्याच्या डोळ्यातली भीती बघून आजही माझ्या अंगावर काटा येतो. बघाल तेव्हा रात्री बघा, दिवे बंद करून, आणि त्या रेशमाच्या सळसळीसाठी आवाज मोठा ठेवा.