रंग नाही, जाडी आहे!

नमस्कार मंडळी. आज लेझरने स्टीलवर रंग छापतात त्याबद्दल बोलायचंय, पण आधी माझ्या पातेल्याची गोष्ट, ती सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

गॅसवर स्टीलच्या पातेल्यात पाणी ठेवलं आणि फोन आला. पुढचं तुम्हाला कळलंच असेल. पाणी कधी आटलं, पातेलं कधी कोरडंच तापत बसलं, पत्ता नाही (कुणी "दोनच मिनिटं" म्हणालं की आता मी आधी गॅस बंद करते). गार झाल्यावर आत बघते तर मधोमध निळं, भोवती जांभळं आणि कडेला सोनेरी कडं, अगदी मोरपिसाचा डोळा! मला वाटलं डाग पडला, घासायला बसले, साबण झाला, दंडात गोळे आले, रंग ढिम्म. शेवटी तारेच्या घासणीनं खरवडलं तर खाली नेहमीचं स्टील, आणि घासणीला निळ्याचा टिपूस नाही. मग निळा गेला कुठे?

तर निळं असं तिथे काही नव्हतंच. स्टील तापलं की त्यावर ऑक्साइडचा, म्हणजे धातू आणि हवेतला ऑक्सिजन मिळून झालेला, पापुद्रा चढतो. थोडा प्रकाश त्याच्या वरून परततो, थोडा खालून, दोन्ही लाटा एकमेकींत मिसळतात, काही रंग मरतात, काही उठून दिसतात. पातळ असेल तर सोनेरी, जाड होत गेला की जांभळा, मग निळा. साबणाच्या फुग्यावर हेच. परत सांगते, रंग नाही, जाडी आहे. मोरपिसात जाडीऐवजी बारीक रचना असते एवढाच फरक, रॉबर्ट हुक या इंग्रज शास्त्रज्ञानं १६६५ मध्येच लिहून ठेवलंय की पीस ओलं केलं की रंग जातो.

लेझर माझ्या गॅसचंच काम करतो, फक्त केसाएवढ्या ठिपक्यात आणि शुद्धीवर राहून. हळू फिरवला की उष्णता जास्त, पापुद्रा जाड, रंग वेगळा. शाई नाही, कार्ट्रिज नाही (कार्ट्रिज नेमकी घाईच्या दिवशी संपते, यावर मी वेगळा कार्यक्रम करू शकते), उन्हानं विटायला रंगद्रव्यच नाही. मशीन महाग असतं, ते खरं, पण माल साधा चालतो. आणि स्टीलच कशाला, लाकडाच्या लगद्यातल्या सेल्युलोजचे (ज्याचे झाडाचे तंतू बनतात ते) बारीक स्फटिक पाण्यातून हळूहळू वाळवले की गोल जिन्यासारखे थर लागतात आणि पापुद्रा आपोआप रंगीत दिसतो.

पातेलं मी टाकलं नाही. खिडकीत नेऊन तिरकं धरलं की निळा जरासा सरकतो, आणि छापणाऱ्यांची डोकेदुखी नेमकी हीच आहे, समोरून एक रंग, बाजूनं दुसरा.