बटण दाबण्याआधी

नमस्कार मंडळी.

जुना संगणक हाती लागला की पहिली ओढ असते ती वायर लावून बटण दाबायची. तीस-चाळीस वर्षं अडगळीत पडलेलं यंत्र अजून चालतं का, हे त्याच क्षणी बघायचं असतं. ही ओढ मला पुरेपूर कळते, पण यंत्राच्या जिवावर उठते ती हीच. इतकी वर्षं जे तगलं ते पहिल्या काही सेकंदांत कायमचं जाऊ शकतं. म्हणून आजचं बोलणं मी बटण न दाबण्यापासून सुरू करतो. पुढे जे काही सांगेन त्यामागे माझं एकच म्हणणं आहे: जुनं यंत्र हा पुरावा आहे. ते कोणी, कुठल्या अडचणीत, काय काटकसर करून बनवलं, हे त्या बोर्डावर लिहिलेलं असतं. ते आधी वाचायचं, मग हात लावायचा, आणि आपण काय बदललं ते लिहून ठेवायचं.

कमोडोर ६४ घेऊ. १९८२ साली आलेलं हे यंत्र जगभर प्रचंड खपलं, त्यामुळे नव्या संग्राहकाच्या हाती बऱ्याचदा पहिलं तेच लागतं. त्याचा पावर सप्लाय वेगळा असतो. जड ठोकळा, आतून इपॉक्सीने भरलेला. त्यातून यंत्राला ९ व्होल्ट एसी आणि ५ व्होल्ट डीसी असे दोन पुरवठे जातात. त्यातल्या ५ व्होल्टच्या रेग्युलेटरची, म्हणजे व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या भागाची, खोड अशी, की तो बिघडला तर व्होल्टेज पडण्याऐवजी वर चढतं. जादा व्होल्टेज थेट चिपांपर्यंत पोचतं आणि बहुतेक वेळा पहिला बळी मेमरीचा जातो. इपॉक्सीमुळे उष्णता आत कोंडते आणि दुरुस्तीची वाटही बंद होते. मल्टिमीटरवर ५ व्होल्ट दिसले म्हणून निर्धास्त होऊ नका. थंड असताना बरोबर असलेला आकडा सप्लाय तापल्यावर चढू शकतो. माझं मत स्पष्ट आहे: मूळ ठोकळा जपून ठेवा आणि यंत्र नव्या सप्लायवर चालवा.

बीबीसी मायक्रो १९८१चा. त्याच्या सप्लायमध्ये मेन्सच्या बाजूला कागदी कॅपॅसिटर (वीज साठवणारे छोटे भाग) असतात, पारदर्शक पिवळट वेष्टनातले. वेष्टनाला बारीक तडे जातात, त्यांतून दमट हवा आत शिरते, आणि वीज दिल्यावर थोड्याच वेळात खोलीभर उग्र धूर होतो. आयबीएम पीसीच्या पहिल्या मॉडेलवर, त्याच वर्षीच्या ५१५०वर, टँटलम कॅपॅसिटर आहेत. ते शॉर्ट झाले की सप्लाय सुरूच होत नाही, नाहीतर कॅपॅसिटर मोठा आवाज करून फुटतो. वीज देण्याआधी प्रत्येक व्होल्टेजची वाट ग्राउंडशी शॉर्ट आहे का, हे मल्टिमीटरने बघायला दोन मिनिटं पुरतात. आणि पिक्चर ट्यूब असलेल्या यंत्राचं झाकण, ट्यूब सुरक्षितपणे डिस्चार्ज कशी करायची हे ज्याला कोणी समोर बसवून शिकवलेलं नाही, त्याने उघडू नये. वायर काढून ठेवली तरी तिथे हजारो व्होल्ट साठून राहू शकतात.

आता बॅटरी. या यंत्रांचा सगळ्यात मोठा वैरी तीच. ३८६ आणि ४८६ या प्रोसेसरांच्या जुन्या पीसींच्या कित्येक बोर्डांवर, बंद असतानाही घड्याळ चालत राहावं म्हणून, ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी सोल्डर केलेली असते. १९९१च्या अमिगा ५०० प्लस या कमोडोरच्याच संगणकावरही ती आहे. ती गळू लागली की आतलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर येतं, आणि ते एका जागी थांबत नाही. बोर्डावरच्या हिरव्या लेपाखालून तांब्याच्या ट्रेसवर, म्हणजे वीज वाहणाऱ्या पट्ट्यांवर, ते सरकतं, भोकांतून दुसऱ्या बाजूला उतरतं, सॉकेटच्या पिनांवर चढतं. वरून बघाल तर बॅटरीभोवती निळसर-हिरवट पूड दिसते. नजर जरा लांब न्या. तिथले सोल्डरचे ठिपके चकाकत नाहीत, मळकट राखाडी झालेत. तो राखाडी रंग जिथवर दिसतो तिथवर नुकसान पोचलेलं आहे असं धरून चाला. पूड बघून घेतलेला अंदाज नेहमी कमी पडतो.

साफ करताना आधी बॅटरी कापून काढायची. मग पांढरं व्हिनेगर. गळलेला द्रव अल्कली, त्यामुळे सौम्य आम्लाने त्याचा जोर संपतो. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे त्याचं कार्बोनेट झालेलं असतं, म्हणून व्हिनेगर लागताच फेस येतो. फेस यायचा थांबेपर्यंत जुन्या टूथब्रशने घासत राहायचं. नंतर डिस्टिल्ड पाणी, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि बोर्ड पूर्ण वाळेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. खरं काम त्यानंतर. काळवंडलेल्या तांब्याला सोल्डर धरत नाही, ते फायबरग्लासच्या पेनने खरवडून उजळ करावं लागतं. मग मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (जोडणी अखंड आहे का ते दाखवणाऱ्या सेटिंगवर) लावून एकेक ट्रेस तपासायचा आणि तुटला असेल तिथे इनॅमलची बारीक तार टाकायची. या कामाला संध्याकाळच्या संध्याकाळी जातात. म्हणून कळकळीने सांगतो, तुमच्याकडे एखादं यंत्र पडून असेल, ते कधी दुरुस्त कराल याचा पत्ता नसेल, तरी बॅटरी मात्र या आठवड्यात काढा. बॅटरी कुणी कधी बघेल याची वाट गंज बघत नाही.

१९९२च्या अमिगा ६०० आणि १२००वर गळून असंच नुकसान छोटे सरफेस माउंट (बोर्डाच्या पृष्ठभागावरच बसवलेले) कॅपॅसिटर करतात. ते गळलेत की नाही हे डोळ्यांना नेहमी दिसत नाही. पण सोल्डरिंग आयर्न टेकवल्यावर मासळीचा वास आला तर शंका उरत नाही. असे कॅपॅसिटर बदललेच पाहिजेत. मात्र कुठलंही जुनं यंत्र आलं की बोर्डावरचे सगळेच्या सगळे कॅपॅसिटर सरसकट बदलून टाकायचे, ही जी पद्धत पडली आहे ती मला पटत नाही. जो भाग मोजमापात उत्तम आहे तो केवळ जुना म्हणून काढायचा, त्या नादात चार पॅड, म्हणजे भाग सोल्डर करायच्या बोर्डावरच्या जागा, उखडायची, हे यंत्राच्या हिताचं नाही.

यंत्रात काय बिघडलंय हे यंत्रालाच विचारायची एक छान सोय कमोडोरच्या सर्व्हिसवाल्यांकडे होती. डेड टेस्ट नावाचं कार्ट्रिज. कमोडोर ६४चा पडदा पूर्ण काळा असतो, काहीच उमटत नाही. कार्ट्रिज लावलं की ते यंत्राचा नेहमीचा रॉम (कायमचा प्रोग्राम असलेली चिप) बाजूला ठेवून स्वतःचा प्रोग्राम चालवतं. प्रोसेसर आणि चित्राची चिप ठीक असतील आणि मेमरी सदोष असेल, तर पडदा ठरावीक वेळा लुकलुकतो. किती वेळा ते मोजायचं, आणि आठांपैकी कुठली मेमरी चिप गेली ते कळतं. मग त्या एकाच चिपकडे वळायचं. ती मेलेलीच असेल तर तिचे पाय कापून एकेक पाय वेगळा काढावा. चिप दुसरी मिळते, त्या बोर्डाचं पॅड दुसरं मिळत नाही.

या सगळ्यात मला सगळ्यात जास्त विचार करायला लावणारं यंत्र म्हणजे सिंक्लेअरचा झेडएक्स स्पेक्ट्रम, १९८२चा, ४८ केबीचा. त्यातली पहिली १६ केबी मेमरी आठ ४११६ (१६ किलोबिटच्या) चिपांची असते. उरलेल्या ३२ केबीसाठी सिंक्लेअरने ६४ किलोबिटच्या अशा चिपा वापरल्या, ज्यांचा अर्धा भाग कारखान्यातच सदोष निघालेला होता. अर्धा भाग चालतो ना, मग तेवढाच वापरू, असा तो हिशेब. आठही चिपांचा चालणारा अर्धा भाग एकाच बाजूचा असावा लागे, वरचा तर सगळ्यांचा वरचा. आणि कुठली बाजू वापरायची हे बोर्डावरच्या एका छोट्या तारेच्या जोडणीने ठरवलेलं असे. सामान्य घराला परवडेल असा संगणक कसा बनवला, याचं उत्तर त्या इवल्याशा तारेत आहे.

आज यातली चिप गेली की आपण ६४ किलोबिटची पूर्ण चांगली चिप, म्हणजे ४१६४, बसवतो. यंत्र उत्तम चालतं, आणि मीही तेच करा म्हणेन. पण ती मूळ चिप फेकू नका. छोट्या पाकिटात घाला, कुठल्या जागेवरून काढली ते लिहा, पाकीट यंत्राच्या खोक्यात ठेवा. जोडणीची जागा बदलावी लागली तर आधी फोटो काढा. उद्या ते यंत्र दुसऱ्याच्या हाती गेलं तर त्याला कारखान्याचं काम कुठलं आणि आपलं कुठलं, हे वेगळं ओळखता आलं पाहिजे. दुरुस्ती इतकी बेमालूम व्हावी की केल्याचं कळूच नये, असं अनेकांना वाटतं. मला वाटतं, दिसण्यात बेमालूम जरूर असावी, नोंदीत नसावी.

यंत्रांच्या पिवळ्या पडलेल्या प्लॅस्टिकच्या खोक्यांबद्दल थोडक्यात. एबीएस प्लॅस्टिकमध्ये आग लवकर लागू नये म्हणून ब्रोमिनयुक्त रसायनं घालत, आणि ऊन, उष्णता, ऑक्सिजन यांनी असं प्लॅस्टिक पिवळं पडतं. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अतिनील प्रकाशाने ते पुन्हा उजळतं. २००८च्या सुमाराला रेट्रोब्राइट या नावाने ही कृती पसरली. पण पिवळेपणा पुढे परत येऊ शकतो, आणि पेरॉक्साइडचा थर असमान लागला तर पांढरे ओघळ राहतात, ते जात नाहीत. मी स्वतः पिवळं खोकं साबणाच्या पाण्याने धुतो आणि तसंच ठेवतो.

हल्ली एमुलेटर (जुन्या यंत्राची नक्कल करणारे प्रोग्राम) इतके चांगले आहेत, मग खरं यंत्र कशाला, असं लोक विचारतात. कमोडोर ६४मधली ६५८१ ही आवाजाची चिप, म्हणजे सिड, बॉब यॅनिस यांनी रचली. तिचे फिल्टर ॲनालॉग आहेत आणि उत्पादनातल्या फरकांमुळे दोन चिपांचे फिल्टर सारखे वाजत नाहीत. एकच धून एका यंत्रावर भरदार तर दुसऱ्यावर दबकी ऐकू येते, आणि दोन्ही अस्सल. एमुलेटरला कुठल्या तरी एका नमुन्याची नक्कल करावी लागते. तो नमुना मोजायला, पडताळायला खऱ्या चिपा जिवंत हव्यात.

याच सिडमुळे मी व्यवहाराकडे येतो. मागणी वाढली तशा नकली चिपा बाजारात आल्या. दुसरीच एखादी चिप घ्यायची, वरची अक्षरं घासायची, काळा लेप देऊन ६५८१ छापायचं. ॲसिटोनचा बोळा फिरवला की असा लेप बऱ्याचदा सुटतो. विकणाऱ्याने तशी परवानगी नाकारली तर चिप घेऊ नये. ‘तपासलेलं नाही’ असं लिहून विकलेल्या यंत्राला मी बिघडलेल्या यंत्राचाच भाव देतो. ज्याला ते चालू करून दाखवणं शक्य होतं त्याने ते केलं नाही, यात बरंच काही आलं. आणि आपण विकताना प्रत्येक दुरुस्तीची नोंद घेणाऱ्याला द्यावी, किंमत थोडी उतरली तरी.

ॲपल-१चं उदाहरण सगळ्यांना ठाऊक असतं. १९७६ साली ६६६.६६ डॉलरला विकलेला नुसता बोर्ड, सुमारे २०० नग बनले, आणि २०१४ साली त्यांतला एक लिलावात ९,०५,००० डॉलरला गेला. अशा बातम्यांनी साध्या, लाखांनी खपलेल्या यंत्रांचेही भाव फुगतात आणि दुरुस्तीची हौस असलेली तरुण मुलं बाहेर राहतात, याचं मला दुःख आहे. त्याहून जास्त दुःख होतं ते यंत्रं फोडली जातात तेव्हा. पेंटियम प्रोसारखे सिरॅमिक प्रोसेसर त्यांतल्या सोन्यासाठी वितळवले जातात. जुन्या टर्मिनलांचे (मोठ्या संगणकाला जोडायच्या पडदा-कीबोर्डच्या यंत्रांचे) कीबोर्ड आपल्या संगणकाला जोडण्यासाठी वेगळे विकले जातात आणि टर्मिनल भंगारात जातं. त्या टर्मिनलला दुसरा कीबोर्ड जुळत नाही. एकाच्या हौसेपायी दुसरं यंत्र कायमचं मुकं होतं. असे सुटे कीबोर्ड घेऊ नयेत, कितीही सुंदर वाजत असले तरी.

संग्रहालयं आहेत, ती सांभाळतील, असं म्हणून आपल्याला सुटता येत नाही. संग्रहालयांनी केलेलं काम थोर आहेच. इंग्लंडमधल्या ब्लेचली पार्कच्या आवारातल्या राष्ट्रीय संगणक संग्रहालयात हार्वेल डेकाट्रॉन हे १९५१चं अडीच टनांचं यंत्र स्वयंसेवकांनी खपून २०१२ साली पुन्हा चालू केलं, आणि होता होईल तो मूळ भाग तसेच ठेवून. पण सिएटलचं लिव्हिंग कॉम्प्युटर्स संग्रहालय, जिथे लोक जुन्या यंत्रांवर स्वतः बसून काम करू शकत, २०२०मध्ये बंद झालं ते पुन्हा उघडलं नाही, आणि २०२४मध्ये त्यातल्या वस्तू लिलावात निघाल्या. अनेक घरांत विखुरलेली यंत्रं एका दिवसात अशी नाहीशी होत नाहीत.

शेवटचा विषय फ्लॉपींचा, आणि यात वेळ सगळ्यात कमी आहे. बोर्ड पुढच्या दशकातही दुरुस्त होईल. फ्लॉपीवरचा चुंबकीय थर मात्र सुटत चालला आहे, आणि काही फ्लॉपी आज एकदाच वाचता येतील अशा अवस्थेत आहेत. ते एक वाचन वाया घालवू नका. साध्या यूएसबी ड्राइव्हने अमिगाच्या फ्लॉपी वाचता येत नाहीत. ग्रीसवीझल किंवा क्रायोफ्लक्ससारखं उपकरण वापरा. ते फायली शोधत बसत नाही, चुंबकीय बदल कुठल्या क्षणी होतो एवढंच टिपतं, आणि त्याचा अर्थ नंतर सावकाश लावता येतो. फ्लॉपी आत घालण्याआधी तिचं आवरण किंचित सरकवून पृष्ठभाग उजेडात बघा. बुरशीचे ठिपके असतील तर साफ केल्याशिवाय ड्राइव्हमध्ये घालू नका. प्रत्येक फ्लॉपीनंतर ड्राइव्हचं हेड अल्कोहोलने पुसा. कापसावर तपकिरी भुकटी आली तर ती फ्लॉपी बाजूला ठेवा, पुन्हा फिरवू नका. लेबलचा फोटो वाचनासोबत एकाच फोल्डरमध्ये ठेवा, हाताने लिहिलेली लेबलं तर नक्कीच. आणि लिहिण्यापासून रोखणारी खाच किंवा खिटी आधी तपासा, कारण जुना ड्राइव्ह बिघडलेला असला तर वाचता वाचता पुसूनही टाकतो.