वहीतला भाव आणि पडद्यावरचा भाव

(दृश्य : बडोदे, दांडिया बाजार, रविवारची सकाळ. वाड्याचा लाकडी जिना, माडीवरची खोली.)

दांडिया बाजारातल्या या जुन्या वाड्याच्या माडीवर दर रविवारी सकाळी एक अभ्यासवर्ग भरतो. येथे कोणता शेअर घ्यावा हे कोणी सुचवीत नाही आणि उद्याचा भावही कोणी वर्तवीत नाही. औषध आणि जैवतंत्रज्ञान क्षेत्रातल्या कंपन्यांचे मागच्या वर्षांतले भाव कसे वाचावेत, एवढाच येथला विषय आहे. वर्ग घेणारे गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेले आहेत, आणि साठीला आलेल्या विद्यार्थ्यांपासून महाविद्यालयातल्या मुलींपर्यंत सगळे त्यांना काकाच म्हणतात.

(दृश्य : लाल कापडी बांधणीची चोपडी, जवळून.)

ही काकांची वही. पेढीवर जमाखर्चाला वापरतात तशी लांबट, लाल कापडाची चोपडी आहे. प्रत्येक पानावर पाच रकाने आखलेले आहेत : तारीख, बंद भाव, त्या दिवशीची उलाढाल, हाती असलेल्या शेअरांची संख्या, आणि सर्वांत रुंद असा शेवटचा रकाना, कारण. पहिले चार रकाने निळ्या शाईत लिहिलेले आहेत आणि पाचवा पेन्सिलीत, कारण भाव का हलला याचे त्या दिवशी कळलेले कारण पुढे पुष्कळदा खोडून पुन्हा लिहावे लागते.

बडोद्याला हा विषय परका नाही. सयाजीराव गायकवाडांच्या कारकिर्दीत १९०७ साली येथे अलेम्बिक या औषध कंपनीची स्थापना झाली आणि पुढच्याच वर्षी बँक ऑफ बडोदाची. १९९० मध्ये शहराला स्वतःचा शेअर बाजारही मिळाला, पण राष्ट्रीय शेअर बाजाराचे संगणकावरील व्यवहार गावोगाव पोहोचल्यावर अशा प्रादेशिक बाजारांना काम उरले नाही, आणि २०१५ मध्ये बडोद्याच्या बाजाराचीही मान्यता संपली. भाव मोबाइलवर आला, आणि त्याबरोबर भाव स्वतःच्या हाताने उतरवून घेण्याची सवय गेली. आज वर्गात जे उलगडून दाखवले जात आहे, त्याचे मूळ या गेलेल्या सवयीत आहे.

(दृश्य : डावीकडे वहीचे पान, उजवीकडे मोबाइलचा पडदा.)

पान बायोकॉनचे आहे. किरण मजुमदार-शॉ यांनी १९७८ साली बंगळूरमध्ये सुरू केलेली ही कंपनी २००४ च्या मार्चमध्ये आयपीओ, म्हणजे शेअरांची पहिली जाहीर विक्री, घेऊन आली आणि त्या वेळी शेअर ३१५ रुपयांना दिला गेला. वहीच्या पहिल्या ओळीत निळ्या शाईत तोच आकडा आहे. परंतु शेजारच्या मोबाइलवर त्याच काळाचा आलेख उघडला, तर आयपीओची किंमत ३५ रुपयांच्या पातळीवर पडते. नव्याने आलेल्या एका गृहिणीने विचारले, की काका, यांतला खोटा आकडा कोणता? दोन्ही आकडे खरे आहेत, आणि ते दोन्ही खरे कसे असू शकतात हे समजल्याशिवाय जुन्या भावांचा कोणताही उपयोग सुरक्षितपणे करता येत नाही, असे आम्हांला आग्रहाने सांगावेसे वाटते.

हिशेब पाहावा. समजा एका घराने २००४ मध्ये २० शेअर घेतले. २००८ मध्ये कंपनीने एकास एक बोनस, म्हणजे प्रत्येक शेअरमागे एक शेअर विनामूल्य, दिला, तेव्हा २० चे ४० झाले. २०१७ मध्ये प्रत्येक शेअरमागे दोन बोनस शेअर मिळाले आणि ४० चे १२० झाले. २०१९ मध्ये दोन शेअरमागे एक मिळाला, आणि १२० चे १८० झाले. मूळ एका शेअरचे अशा रीतीने नऊ झाले, म्हणून ३१५ ला ९ ने भागले की ३५ येतात. मोबाइलवरचे संकेतस्थळ हा भागाकार मागच्या प्रत्येक दिवसासाठी आपोआप करून ठेवते आणि त्याला समायोजित भाव म्हणते. वहीत मात्र त्या दिवशी खरोखर मोजलेले पैसे आहेत. जून २०१७ मध्ये बोनस लागू झाला त्या सकाळी शेअरचा भाव आदल्या दिवसाच्या सुमारे तिसऱ्या हिश्शावर दिसू लागला. ज्याने केवळ कच्च्या भावांची यादी पाहिली, त्याला ते भयंकर कोसळणे वाटले असते. वस्तुतः घरातल्या संपत्तीत त्या सकाळी एका रुपयाचीही घट झाली नव्हती. चौथा रकाना, म्हणजे हाती असलेल्या शेअरांची संख्या, काका ज्या काळजीने भरतात ती याच कारणासाठी.

बोनसचा हिशेब सरळ गुणाकाराचा असल्याने तो यंत्राला जमतो. डीमर्जरचा, म्हणजे कंपनीचा एक भाग वेगळी कंपनी म्हणून काढण्याचा, हिशेब तितका सरळ नसतो. २००७ मध्ये सन फार्माने आपले नव्या औषधांच्या संशोधनाचे काम वेगळे काढून स्पार्क ही कंपनी नोंदवली आणि सन फार्माच्या प्रत्येक शेअरमागे स्पार्कचा एक शेअर भागधारकांना दिला. मूळ कंपनीच्या भावातून त्या दिवशी जे वजा झाले ते भागधारकाच्याच डीमॅट खात्यात दुसऱ्या नावाने जमा झाले, पण एखाद्या संकेतस्थळाने ही वजाबाकी धरली नसेल तर जुना परतावा कमी दिसतो. म्हणून एकाच संकेतस्थळावर विसंबू नये. कच्चा भाव शेअर बाजाराच्या स्वतःच्या भावपत्रकातून घ्यावा आणि त्याच ठिकाणी कंपनीच्या घोषणाही तारखेनिशी पाहाव्यात. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबी हिच्या २०१५ च्या नियमांनुसार महत्त्वाची घटना बाजाराला कळवणे नोंदणीकृत कंपन्यांवर बंधनकारक आहे, आणि ही कागदपत्रे कोणालाही विनामूल्य वाचता येतात.

(दृश्य : भिंतीवर प्रक्षेपित आलेख, काकांच्या हातातली पट्टी.)

आता पाचव्या रकान्याकडे यावे, कारण जैवतंत्रज्ञानाचा शेअर इतर शेअरांपेक्षा वेगळा ठरतो तो येथे. सिमेंटच्या किंवा साबणाच्या कंपनीचा भाव दर तिमाहीच्या विक्रीबरोबर थोडाथोडा सरकतो. नव्या औषधावर उभी असलेली कंपनी महिनोन्‌महिने एका पट्ट्यात राहते, आणि मग चाचणीचा निष्कर्ष किंवा औषध नियामकाचा निर्णय आला की एका रात्रीत उडी घेते किंवा खड्ड्यात जाते.

भिंतीवरचा आलेख अमेरिकेतल्या बायोजेन या कंपनीचा आहे आणि त्यावरच्या खुणा अल्झायमरवरील अ‍ॅड्युकॅनुमॅब या एकाच औषधाच्या आहेत. २१ मार्च २०१९ रोजी कंपनीने त्याच्या दोन मोठ्या चाचण्या निष्फळ ठरण्याची चिन्हे दिसल्याने थांबवल्या आणि भाव सुमारे २९ टक्के उतरला. त्याच वर्षी २२ ऑक्टोबरला, अधिक माहितीच्या आधारे मान्यतेसाठी अर्ज करणार असल्याचे कंपनीने जाहीर केले आणि भाव सुमारे २६ टक्के चढला. ४ नोव्हेंबर २०२० रोजी अमेरिकी औषध प्रशासनाची अनुकूल वाटणारी कागदपत्रे प्रसिद्ध झाली आणि तो सुमारे ४४ टक्के वर गेला. ६ तारखेला तज्ज्ञ समितीने विरोधी मत दिले आणि सोमवारी, ९ तारखेला, तो सुमारे २८ टक्के खाली आला. ७ जून २०२१ रोजी मान्यता मिळाली तेव्हा तो सुमारे ३८ टक्के उसळला. २०२४ च्या जानेवारीत कंपनीने हे औषध बंद करण्याचे जाहीर केले. या सगळ्या काळात औषधाचा रेणू तोच होता. बदलत गेले ते त्याच्याविषयी लोकांना काय माहीत आहे आणि काय मान्य होईल असे वाटते, एवढेच. जुना भाव ही त्या त्या दिवसाच्या माहितीची नोंद असते, आणि घटनांचा रकाना रिकामा ठेवून केवळ रेषेचा चढउतार पाहणाऱ्याला ती नोंद वाचता येत नाही.

काकांचा पुढचा मुद्दा वर्गातल्या तरुणांना विशेष रुचत नाही, पण तो ते प्रत्येक वेळी मांडतात. पन्नास किंवा दोनशे दिवसांची सरासरी काढून तिच्या आधारे खरेदी-विक्री करण्याची रीत अशा शेअरला लावताना फार सावध राहिले पाहिजे, कारण निकालाचा दिवस कोणत्याही सरासरीत आधी दिसत नाही. भाव ठरावीक पातळीखाली गेला की आपोआप विकण्याच्या आदेशाचा, म्हणजे स्टॉपलॉसचाही, भरवसा नसतो. ६ नोव्हेंबर २०२० रोजी बायोजेनच्या शेअरचे व्यवहार दिवसभर थांबवलेले होते. ते सुरू झाले तेव्हा भाव मधल्या पायऱ्यांवर न थांबता थेट खाली उघडला, आणि स्टॉपलॉसचा आदेश असतो तो पुढच्या उपलब्ध भावाला विकण्याचा. आपल्याकडे खालचे सर्किट, म्हणजे भाव एका दिवसात उतरण्याची ठरलेली मर्यादा, लागले तर विकायला ग्राहकच मिळत नाही.

याचे उदाहरण शोधायला बडोद्याबाहेर जाण्याचे कारण नाही. ज्या स्पार्कचे संशोधन केंद्र याच शहरात आहे, तिच्या पार्किन्सनवरील व्होडोबॅटिनिब या औषधाची चाचणी अपेक्षित परिणाम दाखवीत नसल्याचे मार्च २०२४ मध्ये जाहीर झाले आणि शेअर वीस टक्क्यांच्या आसपास कोसळला. जून २०२५ मध्ये त्वचारोगांवरील दुसऱ्या एका औषधाच्या चाचण्यांचे उद्दिष्ट साधले नाही आणि भावाची पुन्हा मोठी घसरण झाली. अनेक घरांचे पैसे त्यात अडकले.

जुना आलेख पाहताना आणखी दोन गोष्टी काका बजावतात. आलेख लॉग प्रमाणावर ठेवावा, म्हणजे ३५ चे ७० होणे आणि २०० चे ४०० होणे ही दोन्ही दुप्पट वाढ डोळ्यांना सारखीच दिसते. आणि जुन्या यादीत आज दिसतात त्या टिकलेल्याच कंपन्या असतात, बुडालेल्या त्यातून गळून गेलेल्या असतात, हे विसरू नये.

(दृश्य : वहीच्या पानावर पेन्सिलीने केलेली चौकट.)

पानाच्या मध्यावर चौकटीत घेतलेली ही तारीख आहे ३१ जानेवारी २०१८, आणि भूतकाळातल्या भावाचा सर्वांत रोकडा उपयोग येथे होतो. २०१८ च्या अर्थसंकल्पाने शेअरवरील दीर्घकालीन नफ्यावर पुन्हा कर बसवला, पण त्या तारखेपर्यंत झालेला नफा वगळण्याची सोयही ठेवली. त्या दिवशीचा बाजारातला सर्वोच्च भाव आणि प्रत्यक्ष विक्रीचा भाव यांतला जो कमी असेल, तो मूळ खरेदीमूल्यापेक्षा अधिक असल्यास खरेदीमूल्य म्हणून धरता येतो. आपल्या उदाहरणातल्या घराकडे त्या दिवशी १२० शेअर होते, म्हणून ही सोय त्या १२० शेअरांना मिळते; २०१९ मध्ये बोनस म्हणून आलेल्या ६० शेअरांचे खरेदीमूल्य शून्य धरले जाते. आता जर कोणी मोबाइलवरचा समायोजित भाव विवरणपत्रात भरला, तर तो २०१९ च्या बोनसमुळे खऱ्या भावाच्या दोनतृतीयांश असेल, आणि चढ्या भावाला विकलेल्या शेअरांवर विनाकारण अधिक कर भरला जाईल. वाढ मोजताना समायोजित भाव आणि कर मोजताना त्या दिवसाचा कच्चा भाव, असे दोन वेगळे आकडे एकाच तारखेसमोर लिहावे लागतात, आणि त्यासाठी काकांनी या पानाच्या समासात एक सहावा, अरुंद रकाना नुकताच आखला आहे.