भर पावसात झाड का सुकतं?

निमंत्रणपत्रिकेवर विषय मोठा छापलाय, 'नैसर्गिक संकटं आणि पिकांचा प्रतिसाद'. दुष्काळ, पूर, खार, ऊन, कीड असं सगळं तासाभरात व्हायला हवं. शिवाय पत्रिकेत एक ओळ होती, घरचं सुकलेलं झाड आणता आलं तर आणा. चार कुंड्या आल्यात. दारापाशी ठेवल्यात, तिथेच राहू द्या, त्यांच्याकडे शेवटी वळू.

सुरुवात मात्र खिडकीपासूनच करू. दादरच्या या सभागृहात बसलेल्या बहुतेकांचं शेत म्हणजे ग्रिलमधल्या सहा कुंड्या. त्या सहा कुंड्यांत दर जुलैत जे घडतं, तेच विदर्भातल्या कपाशीत घडतं.

चार दिवस संततधार लागते. पाचव्या दिवशी लख्ख ऊन पडतं आणि दुपारी तुळस मान टाकते. घरातलं कुणीतरी म्हणतं, "अगं, तुळस सुकली बघ, पाणी घाल." तांब्याभर पाणी पडतं. संध्याकाळी ती आणखी मलूल दिसते, की आणखी एक तांब्या. आठवड्यात तुळस जाते. शेजारच्या काकू हळहळतात, म्हणतात नजर लागली. काकू, नजर नाही, पाणी लागलं. 'पिकाला पाणी लागलं' हा शब्दप्रयोग खेड्यातल्या माणसाला सांगावा लागत नाही. शहरात आलो आणि तो घरी विसरून आलो.

मुळांना श्वास लागतो. मातीच्या कणांमध्ये पोकळ्या असतात, त्यातल्या हवेतून मूळ प्राणवायू घेतं. पोकळ्या पाण्याने भरल्या की हा पुरवठा तुटतो, कारण हवेच्या मानाने पाण्यातून प्राणवायू सुमारे 10,000 पट सावकाश सरकतो. मातीत उरलेला साठा मुळं आणि जिवाणू मिळून एक-दोन दिवसांत संपवतात. मग मूळ साखर अर्धवट जाळायला लागतं. एका ग्लुकोजच्या रेणूतून जिथे एटीपीचे, म्हणजे पेशीच्या ऊर्जेच्या नाण्याचे, तीसेक रेणू मिळायचे, तिथे दोन मिळतात. दोनावर संसार चालत नाही. पेशीत आम्लता वाढते आणि पेशीच्या पडद्यात पाणी आत घेणारी जी दारं असतात, अ‍ॅक्वापोरिन, ती मिटतात. मूळ पाण्यात बुडालेलं आणि पान तहानलेलं, अशी अवस्था होते. त्यात तुम्ही तांब्या ओतता.

याच्या जोडीला आणखी एक गोष्ट घडते. कोंडलेल्या मुळात एसीसी नावाचं संयुग साठतं. त्याचं इथिलीन, म्हणजे झाड स्वतःला निरोप द्यायला वापरतं तो वायू, व्हायला प्राणवायू लागतो, तो मुळात नसतो. म्हणून एसीसी रसाबरोबर वर चढतं, पानाशी त्याला प्राणवायू मिळतो आणि तिथे इथिलीन तयार होतं. त्याने देठाची वरची बाजू खालच्या बाजूपेक्षा जास्त वाढते आणि पान खाली वाकतं. टोमॅटोत हे फार स्पष्ट दिसतं. बोटाने पान चाचपून बघा. तहानेने सुकलेलं पान मऊ, लुळं लागतं. इथिलीनने वाकलेलं पान बऱ्याचदा ताठच असतं, फक्त देठ खाली वळलेला असतो. दोन्हींना आपण 'सुकलं' म्हणतो आणि दोन्हींवर एकच इलाज करतो. माझी सगळी तक्रार इथे आहे. झाड जे दाखवतं त्यात दुखणं किती आणि झाडाने स्वतः केलेला बंदोबस्त किती, हे ओळखल्याशिवाय हात लावू नये.

ओळखायचं कसं? दुपारी निदान करायचंच नाही. कडक उन्हात निरोगी झाडही मान टाकतं, कारण मूळ घेतं त्यापेक्षा पान जास्त पाणी सोडत असतं. पहाटे बघा. पहाटे ताठ असेल तर काळजी नाही. पहाटेही मलूल असेल तर मातीत दोन पेरं बोट घाला. कोरडं लागलं तर पाणी द्या. ओलं लागलं आणि बोटाला गटारासारखा कुजका वास आला, तर खाली प्राणवायू संपलाय. मधली जी अवस्था, तिला शेतकरी वाफसा म्हणतात. मूठभर माती दाबली की गोळा होतो आणि अंगठ्याने टेकवलं की फुटतो. कुंडीतही वाफसाच हवा.

पाणी लागलंच असेल तर आधी कुंडीखालची बशी काढा. मुंबईत फरशी खराब होऊ नये म्हणून ठेवलेल्या बशीने जितकी झाडं मारली, तितकी किडीने मारली नसतील. कुंडी दोन विटांवर उचलून ठेवा. खालचं भोक सळईने मोकळं करा, बहुतेक वेळा मुळांनीच ते बुजवलेलं असतं. पुढचे तीन-चार दिवस उजेड भरपूर पण ऊन थेट नको, म्हणजे पानाची पाण्याची मागणी कमी राहते. खत अजिबात नको. दुखऱ्या मुळाभोवती क्षार वाढले की ते पाणी आणखीच कमी ओढतं. खालची पानं पिवळी पडली तर लगेच खुडू नका, झाड त्यांच्यातलं नत्र काढून वरच्या कोवळ्या पानांना देत असतं. पूर्ण पिवळी झाली की आपोआप गळतील. कुंडी भरताना नुसती लाल माती भरू नका, ती पावसात लाद्यासारखी बसते. माती चार भाग, चांगलं कुजलेलं शेणखत तीन भाग, जाड वाळू किंवा विटांचा चुरा तीन भाग. कोकोपीट उन्हाळ्यात उत्तम, पण ते पाणी फार धरतं, म्हणून पावसाळ्यात उघड्यावरच्या कुंडीत बेताने.

आता कपाशी. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पावसाची मोठी उघडीप, मग एकदम जोरदार पाऊस, शेतात पाणी साचलेलं, वर कडक ऊन. दीड-दोन दिवसांत उभी झाडं माना टाकतात. बोंडांनी लगडलेली, सगळ्यात जोमदार झाडं आधी. याला आकस्मिक मर म्हणतात, आणि घोटाळा या 'मर' शब्दाने होतो. मर म्हटलं की बुरशी आठवते आणि बुरशीनाशकावर पैसे जातात. बुरशीची मर हळूहळू पसरते आणि खोड उभं चिरलं तर आतल्या रसवाहिन्या तपकिरी दिसतात. आकस्मिक मरीत बुरशी नसते, वाहिन्याही तशा काळवंडलेल्या नसतात. तुळशीचीच गोष्ट ही, मूळ कोंडलंय. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने यावर कोबाल्ट क्लोराइडची फवारणी सांगितली आहे, लिटरला 10 मिलिग्रॅम, म्हणजे 100 लिटर पाण्याला फक्त 1 ग्रॅम. कोबाल्ट एसीसीचं इथिलीन होऊ देत नाही, एवढंच त्याचं काम. पण ही फवारणी लक्षणं दिसल्यापासून काही तासांत व्हायला हवी, आणि आधी चर काढून पाणी बाहेर गेलं पाहिजे. चार दिवसांनी फवारून हाती काही लागत नाही. सोयाबीन, तूर यांना हा त्रास होऊच नये म्हणून रुंद वरंबा-सरीवर पेरतात. पाणी सरीत, मूळ वरंब्यावर.

आता माझ्या आवडीच्या शब्दाकडे येतो: ताण. मुंबईत ताण म्हटलं की डॉक्टर आठवतो. आपला फळबागायतदार मात्र तो मुद्दाम, मोजून देतो. 'बाग ताणावर सोडली' हे वाक्य नगर-सोलापूरच्या डाळिंबवाल्याकडून ऐका, त्यात काळजीबरोबर भरवसाही असतो. डाळिंब, संत्रं, मोसंबी यांना आपल्या हवामानात वर्षातून तीन बहार येऊ शकतात. अंबिया बहाराची फुलं जानेवारी-फेब्रुवारीत, मृगाची जून-जुलैत, हस्ताची सप्टेंबर-ऑक्टोबरात. तिन्ही घेतले तर झाड खचतं आणि एकही धड पिकत नाही. म्हणून एक निवडायचा आणि त्याआधी पाणी तोडायचं. डाळिंबाला हलक्या जमिनीत साधारण महिनाभर, भारी जमिनीत दीड महिन्यापर्यंत. नवी पालवी थांबते, पानांनी केलेलं अन्न वाढीत खर्च न होता फांद्यांत साठतं, पानं पिवळी पडून गळू लागतात. उरलेली पानं उतरवायला इथेफॉन फवारतात, लिटरला एक ते दोन मिली, पानगळ किती झालीय ते पाहून. जास्त झालं तर फांदीवरचे डोळे जळतात, शेंडे वाळतात. आणि हे इथेफॉन झाडात जाऊन काय सोडतं? इथिलीनच. कपाशीत जे अडवायचं, ते डाळिंबात बाहेरून द्यायचं.

मग हलकी छाटणी, खतं, आणि पहिलं पाणी. या पहिल्या पाण्याला आंबवणी म्हणतात, ते हलकं द्यायचं. तीन-चार दिवसांनी दुसरं, चिंबवणी. मग नेहमीच्या पाळ्या. आनंदाच्या भरात पहिल्याच दिवशी भरपूर पाणी सोडलं की झाड फुलं सोडून पालवीच्या मागे लागतं, आलेली फुलंही गाळतं. ताण चालू असताना अवकाळी पाऊस झाला तर ताण मोडतो, महिन्याची मेहनत वाया जाते. विदर्भातल्या भारी काळ्या जमिनीत पाऊस लांबला तर संत्र्याला ताण बसतच नाही, कारण ती माती ओल सोडत नाही. तिथे वाढ रोखायला क्लोरमेक्वाट क्लोराइड फवारावं लागतं.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, बारा मिनिटं. दुष्काळ, ऊन, खार, पूर, कीड असं पत्रिकेवरचं सगळंच बाकी आहे. भराभर सांगतो.

दुष्काळ. माती सुकू लागली की झाडात अ‍ॅब्सिसिक आम्ल वाढतं. त्याने पर्णरंध्राच्या, म्हणजे पानावरच्या बारीक छिद्राच्या, दोन रक्षक पेशींमधून पोटॅशियम बाहेर पडतं, मागोमाग पाणी, पेशी ढिल्या पडतात आणि रंध्र मिटतं. पाणी वाचलं. पण त्याच रंध्रातून कार्बन डायॉक्साइड आत येतो. दुकानाचं शटर ओढलं की चोर येत नाही, गिऱ्हाईकही येत नाही. शिवाय बाष्पाबरोबर जाणारी उष्णता अडकते आणि पान तापतं. म्हणून पाणी कमी असेल तर ते थोडं थोडं सगळीकडे वाटू नये, पिकाच्या नाजूक अवस्थेला द्यावं. गव्हाला एकच पाळी देता येत असेल तर ती पेरणीनंतर 21 दिवसांच्या सुमारास, मुकुटमुळं फुटताना.

ऊन. भाताचं फूल सकाळी तासाभरासाठी उमलतं. नेमक्या त्या वेळी तापमान 35 अंशांच्या वर गेलं तर परागकोश नीट फुटत नाहीत आणि लोंबी भरलेली दिसूनही दाणा पोचट निघतो. बाकी दिवसभर पीक हिरवंगार असतं, त्यामुळे नुकसान कापणीलाच कळतं.

पूर. इथे पुन्हा इथिलीन आणि त्यावर भाताची दोन उलट उत्तरं. खोल पाण्यातला भात इथिलीन वाढलं की दिवसाला 20-25 सेंटिमीटर उंच होतो आणि डोकं पाण्याबाहेर काढतो. ओडिशातली एफआर 13ए ही जात त्याच संदेशावर वाढ थांबवते, साखर राखून ठेवते, आणि पाणी ओसरलं की पुन्हा फुटते. त्यामागचा सब 1ए हा जनुक 2006 साली सापडला, आणि तो आणलेली स्वर्णा-सब 1 ही जात 2009 पासून आपल्याकडे शेतात आहे. बुडून राहिलेली दोनेक आठवडे तग धरते. पूर चार दिवसांत ओसरणारा असेल तर थांबणारी जात हवी, चार महिने राहणारा असेल तर धावणारी. जात निवडताना आपल्या गावचं पाणी किती दिवस राहतं, ते आधी विचारा.

खार. हे आपल्या दारातलं आहे. पनवेलला कोकण कृषी विद्यापीठाचं खार जमीन संशोधन केंद्र आहे, पनवेल-1, पनवेल-2, पनवेल-3 हे भात तिथले. मातीच्या द्रावणाची विद्युतवाहकता, म्हणजे त्यातल्या मिठाचं माप, मीटरला 3 डेसिसीमेन्सपुढे गेली की साध्या भाताचं उत्पन्न घटू लागतं, पुढच्या प्रत्येक एककाला सुमारे 12 टक्के. कपाशी 7.7 पर्यंत सोसते, घेवडा मात्र 1 लाच हात टेकतो. मीठ दोनदा मारतं. पहिल्या काही तासांतच मूळ पाणी ओढू शकत नाही, अगदी दुष्काळासारखं. मग काही आठवड्यांत सोडियम जुन्या पानांत साठून शेंडे करपतात. भात रोप असताना आणि फुलोऱ्यात सगळ्यात नाजूक असतो. म्हणून खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या शेतात, पहिल्या पावसांनी मीठ धुऊन जाऊ द्यायचं, रोप थोडं जून लावायचं आणि एका चुडात, म्हणजे एकत्र लावलेल्या जुडीत, रोपं जास्त ठेवायची. आणि भरतीचा बांध फुटला तर हे सगळं व्यर्थ आहे.

कीड. अळीने टोमॅटोचं पान कुरतडलं की जास्मोनिक आम्लाचा निरोप जातो आणि न खाल्लेल्या पानांतही अळीचं पचन बिघडवणारी प्रथिनं तयार होतात. रोग लागलेली काही झाडं हवेत मिथाइल सॅलिसिलेट सोडतात. सांधेदुखीच्या मलमाचा वास आठवा, तेच ते. शेजारची झाडं त्यावरून आपली तयारी करतात.

शेवटी ज्वारीची किराळ, म्हणजे कोवळी ज्वारी खाऊन जनावराला होणारी विषबाधा, कारण यात माणसाची चूक जनावराला भोवते. ज्वारीच्या कोवळ्या पानात धुरिन नावाचं संयुग असतं आणि ते फोडणारं विकर (एन्झाइम) वेगळ्या कप्प्यात. चावलं की दोन्ही मिसळतात आणि हायड्रोजन सायनाइड सुटतो. पावसाने ताण दिला, वाढ खुंटली, किंवा कापणीनंतर बुडख्यातून नवे फुटवे आले की धुरिन वाढतं. नेमका तेव्हाच हिरवा चारा कुठे नसतो आणि जनावर तिथे सोडलं जातं. निम्मं पीक फुलोऱ्यात येईपर्यंत हिरवी ज्वारी चारू नका. आधी कापावीच लागली तर चांगली वाळवून द्या.

वेळ संपली. आता त्या चार कुंड्या टेबलावर घ्या, खाली वर्तमानपत्र अंथरा. एकेक उलटी करून मुळं बघू. पांढरी आणि कडक असतील ती जिवंत, तपकिरी आणि बोटांत साल सुटून येणारी गेलेली. कात्री कुणाकडे आहे का? आणि कृपा करून बाटलीतलं पाणी अजून कुणी ओतू नका.