हजेरीपटावरची नावं

(दृश्य : नालाबांधाचं काम. टिकाव, फावडी, घमेली. कॅमेरा हळूहळू एका छापील कागदावर स्थिरावतो.)

हा हजेरीपट. कामावरचे सगळे याला मस्टरच म्हणतात. डावीकडे अनुक्रमांक, मग मजुराचं नाव, जॉबकार्डचा, म्हणजे कामासाठी नोंदलेल्या कुटुंबाच्या कार्डाचा क्रमांक, पुढे आठवड्यातल्या दिवसांचे रकाने, शेवटी एकूण दिवस, मजुरीचा दर, देय रक्कम आणि सही किंवा अंगठा.

जॉबकार्डचा हा क्रमांक जरा जवळून पाहा. सुरुवातीला राज्याची खूण. मग जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत, गाव. तिरप्या रेघेपुढे कुटुंबाचा क्रमांक. म्हणजे ज्याला हे आकडे वाचता येतात तो नाव न बघताही थेट त्या घराच्या दारापर्यंत पोहोचू शकतो.

रोजगार हमीच्या कामावर असे लाखो हजेरीपट भरले गेले आणि ते संगणकावर चढले. कुणी ते संशोधनासाठी भरले नव्हते, मजुरी निघावी म्हणून भरले होते. पण सरकारी कामकाजाच्या ओघात तयार झालेल्या अशा नोंदींमध्ये देशाचा जेवढा खरा हिशेब सापडतो, तेवढा क्वचितच दुसरीकडे सापडतो. या नोंदी अभ्यासकांच्या हाती कशा पोहोचतात, आणि त्या हाताळताना नोंदीतल्या माणसाची काळजी कशी घ्यायची, ते आपण पाहणार आहोत.

(दृश्य : दुष्काळातल्या कामांची जुनी कृष्णधवल छायाचित्रं.)

रोजगार हमीची कल्पना महाराष्ट्रातली. सांगली जिल्ह्यातल्या विसापूरच्या वि. स. पागे यांनी ती मांडली. १९७२च्या दुष्काळात हजारो हात खडी फोडायला आणि पाझर तलाव खणायला लागले, आणि १९७७ साली राज्यानं तिचा कायदा केला. काम मागणं हा हक्क ठरला. हक्क म्हटला की नोंद आली : कुणी काम मागितलं, कुणाला मिळालं, किती पैसे पडले.

मात्र ती नोंद दप्तरात बंद होती. ती उघडी करण्याचा लढा राजस्थानात उभा राहिला. २ डिसेंबर १९९४ रोजी पाली जिल्ह्यातल्या कोट किराना इथं मजदूर किसान शक्ती संघटनेनं पहिली जनसुनवाई घेतली. गावातल्या कामांची बिलं आणि हजेरीपट लोकांसमोर मोठ्यानं वाचले गेले. त्या काळातल्या अशा सुनवायांमध्ये लोक जागच्या जागी उठून सांगत, हा माणूस तर कधीच वारला, ही बाई त्या कामावर आलीच नव्हती. नाव मोठ्यानं वाचलं, म्हणूनच खोटं उघडं पडलं.

पुढे २००५ साली माहितीचा अधिकार आला आणि त्याच वर्षी राष्ट्रीय रोजगार हमी कायदाही झाला. त्याच्या १७व्या कलमानं ग्रामसभेला सामाजिक अंकेक्षणाचं, म्हणजे कामांची आणि हिशेबाची लोकांनीच तपासणी करण्याचं काम दिलं. नोंदी संकेतस्थळावर आल्या, आणि कुणालाही, कुठूनही, कोणत्याही गावाचं मस्टर उघडून पाहता येऊ लागलं.

(दृश्य : संगणकाचा पडदा. रकान्यांमागून रकाने सरकत जातात.)

याचा उपयोग काय झाला, त्याचं एकच उदाहरण मी सांगणार आहे, पण नीट सांगणार आहे. नियम असा होता, की मस्टर बंद झाल्यापासून पंधरा दिवसांत मजुरी खात्यात पडली पाहिजे. उशीर झाला तर सोळाव्या दिवसापासून दररोज ०.०५ टक्के भरपाई. २०१६-१७मध्ये महाराष्ट्रात मजुरीचा दर दिवसाला १९२ रुपये होता. सहा दिवसांचे झाले ११५२ रुपये. त्यावर एका दिवसाच्या उशिराची भरपाई होते जेमतेम ५८ पैसे. पण रक्कम किती लहान यापेक्षा उशीर कोण मोजतो आणि कुठपर्यंत मोजतो, हा इथं खरा प्रश्न होता.

मजुरीचा प्रवास दोन टप्प्यांत होत असे. पहिल्यात मस्टर बंद होतं, कामाचं मोजमाप होतं आणि पैसे वर्ग करण्याचा आदेश निघतो. कार्यालयांतून त्याला एफटीओ म्हणतात. हे काम राज्याच्या यंत्रणेचं. दुसऱ्या टप्प्यात त्या आदेशावरून केंद्राकडून पैसे मजुराच्या खात्यात जातात. प्रत्येक पावलाची तारीख प्रणालीत नोंदवलेली होती.

राजेंद्रन नारायणन, सकिना धोराजीवाला आणि राजेश गोलानी या अभ्यासकांनी २०१६-१७मधले दहा राज्यांतले ९० लाखांहून अधिक व्यवहार घेतले आणि या तारखा एकमेकींशी ताडून पाहिल्या. वेळेत पडलेली मजुरी निघाली फक्त २१ टक्के. शिवाय आणखी एक गोष्ट पुढे आली : प्रणाली भरपाई मोजत होती ती पहिल्याच टप्प्यातल्या उशिराची. एफटीओ निघाला, की सरकारच्या लेखी उशीर थांबला. मजुराचं खातं मात्र रिकामंच होतं.

हे आकडे सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. स्वराज अभियान या संघटनेच्या खटल्यात १८ मे २०१८ रोजी न्यायालयानं निकाल दिला, की मजुराला पंधरवड्यात मजुरी मिळालीच पाहिजे आणि दुसऱ्या टप्प्यातल्या उशिराची जबाबदारी केंद्राला झटकता येणार नाही.

हे काम सरकारच्याच नोंदींतून उभं राहिलं, यात मला फार मोठी आशा दिसते. कुणाला गुप्त कागद मिळवावे लागले नाहीत. तारखा सगळ्यांसमोर होत्या. त्यांच्यातला अर्थ ओळखणारं आणि चिकाटीनं मोजणारं कुणीतरी हवं होतं.

(दृश्य : ग्रामपंचायतीचं कार्यालय. टेबलावर अर्जांचा गठ्ठा.)

आता दुसरी बाजू पाहू. याच प्रणालीत कामाच्या मागणीचाही रकाना आहे. आकडे पाहिले तर बहुतेक ठिकाणी जेवढी मागणी, जवळजवळ तेवढ्यांना काम. शहरात बसून पाहणाऱ्याला वाटेल, की कुणी रिकाम्या हाती परत गेलंच नाही.

गावात चौकशी केली की वेगळंच कळतं. महाराष्ट्रात काम मागण्यासाठी नमुना ४ भरायचा असतो आणि त्याची पोच म्हणून नमुना ५ मिळायला हवा. प्रत्यक्षात पुष्कळदा मागणी तोंडी होते, पोच मिळत नाही, आणि काम मंजूर होऊन मस्टर निघायची वेळ आली की त्या सुमाराला मागणीची नोंद चढते. ज्याला ‘सध्या काम नाही’ असं सांगून परत पाठवलं, त्याची ओळच तयार होत नाही. नोंदीत तो माणूस नाही. त्यामुळे मागणीच्या रकान्यावरून बेरोजगारीचा निष्कर्ष काढणारा अभ्यास कितीही नेटका असला तरी पायातच कच्चा राहतो.

नावं वगळण्याचंही तसंच. २०२२-२३मध्ये देशभरात ५ कोटी १८ लाख मजुरांची नावं यादीतून काढली गेली. हा आकडा सरकारनंच लोकसभेत दिला. प्रत्येक नावापुढे ठरलेल्या यादीतलं एक कारण असतं : मृत्यू, दुबार नोंद, काम करण्याची इच्छा नाही, असं काही. ‘इच्छा नाही’ हे कुणी ठरवलं? त्या बाईला विचारलं होतं का? रकान्यातून याचं उत्तर मिळत नाही. त्यासाठी तिचं घर गाठावं लागतं.

म्हणून अभ्यासकांना माहिती मिळवून देणं हे फाईल पाठवून संपणारं काम नाही. प्रत्येक रकान्यात काय भरलं जातं, कोण भरतं, कधी भरतं, मधल्या कोणत्या वर्षी नियम बदलला, हे लिहून ठेवणारी पुस्तिका सोबत असावी लागते. बऱ्याच खात्यांत ती नसते. ती एखाद्या जुन्या डेटा एन्ट्री ऑपरेटरच्या डोक्यात असते आणि तो बदलून गेला की तीही जाते. माझ्या मते या कामातला सगळ्यात मोलाचा माणूस तो आहे. त्याच्याजवळ दोन दिवस बसून टिपणं घेणं, हे कितीही मोठ्या गणितापेक्षा जास्त उपयोगी पडतं.

(दृश्य : काळा पडदा. पांढऱ्या अक्षरांत : मे २०१७.)

आणि आता काळजीची बाजू. मे २०१७मध्ये सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी या संस्थेच्या अहवालातून उघड झालं, की चार सरकारी संकेतस्थळांवर मिळून अंदाजे १३ कोटींहून अधिक लोकांचे आधार क्रमांक उघडे पडले होते. सुमारे १० कोटी बँक खात्यांचे क्रमांकही. त्या चार ठिकाणांत रोजगार हमीचं संकेतस्थळ होतं. कुणी कुलूप तोडलं नव्हतं. पारदर्शकतेसाठी जे मांडलं, त्यात नको ते रकानेही मांडले गेले होते.

आधार आणि नाव काढून टाकलं की झालं, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यानं सरकारी कर्मचाऱ्यांच्या उपचारांच्या नोंदी नावं काढून अभ्यासकांना दिल्या होत्या. १९९७ साली लताना स्वीनी या विद्यार्थिनीनं त्या नोंदी मतदारयादीशी ताडल्या आणि जन्मतारीख, लिंग व पिनकोड एवढ्यावरून राज्याच्या गव्हर्नरांची नोंद शोधून काढली. ते निदान शहरात तरी राहत होते. आपल्याकडे हजार वस्तीच्या गावात ‘विधवा, एक एकर जमीन, अपंग मुलगा’ एवढं लिहिलं, तर ती बाई कोण हे पारावर बसलेला कुणीही सांगेल. जॉबकार्डचा क्रमांक तसाच ठेवला, तर तेवढंही लागत नाही.

(दृश्य : एक बंद खोली. संगणक. इंटरनेटची तार काढलेली.)

ब्रिटननं यावर एक रीत बसवली आहे. २०१७च्या डिजिटल इकॉनॉमी कायद्यानुसार ओळख काढलेल्या सरकारी नोंदी मान्यताप्राप्त अभ्यासकांना देता येतात, पण त्या त्यांच्या स्वतःच्या लॅपटॉपवर जात नाहीत. अभ्यासक सुरक्षित व्यवस्थेत येऊन काम करतो. विषय लोकहिताचा आहे का, माणूस प्रशिक्षित आहे का, जागा सुरक्षित आहे का, माहितीतून ओळख काढली आहे का, आणि बाहेर जाणाऱ्या तक्त्यातून कुणी ओळखू येत नाही ना, हे पाचही प्रश्न विचारले जातात. तक्त्याच्या एखाद्या घरात दोनच माणसं उरत असतील, तर तो आकडा बाहेर सोडत नाहीत.

आपल्याकडे २०१२मध्ये राष्ट्रीय माहिती सामायिकीकरण धोरण आलं. खुली, नोंदणी करून मिळणारी आणि निर्बंधित असे तीन वर्ग त्यात आहेत. धोरण चांगलं आहे. पण व्यवहारात अजून बरंचसं काम ओळखीवर चालतं. एखादे उत्साही सचिव किंवा जिल्हाधिकारी सामंजस्य करार करतात, पेनड्राइव्हवर माहिती देतात, त्यांची बदली होते आणि नव्या साहेबांसमोर पहिल्यापासून सुरुवात. जिल्ह्याच्या महाविद्यालयात शिकवणारी, कुठल्याही दिल्लीवाल्याला न ओळखणारी प्राध्यापिका या रांगेत कुठे उभी राहणार? तिच्यासाठी लिखित अर्ज, ठरलेली मुदत आणि नकाराचं लेखी कारण हवं.

(दृश्य : ग्रामसभा. झाडाखाली बायका, पुरुष. एक जण यादी वाचतो आहे.)

२०२३मध्ये डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा झाला. त्याच्या १७व्या कलमात संशोधनासाठी सवलत आहे. अट अशी, की त्या माहितीवरून कुणा एका व्यक्तीविषयी निर्णय घ्यायचा नाही आणि ठरवून दिलेली मानकं पाळायची. नोव्हेंबर २०२५मध्ये आलेल्या नियमांत ही मानकं दिली आहेत : गरजेपुरतीच माहिती घ्या, काम संपेपर्यंतच ठेवा, ती सुरक्षित राहील याची दक्षता घ्या, उत्तरदायी राहा. अभ्यासकांनी ही मानकं मनापासून स्वीकारावीत.

पण याच कायद्याच्या ४४व्या कलमानं माहिती अधिकाराच्या ८(१)(ञ) या तरतुदीत बदल केला, आणि त्याची मला खरोखर चिंता वाटते. पूर्वी व्यक्तिगत माहिती नाकारताना तिचा सार्वजनिक कामाशी संबंध आहे का, व्यापक जनहित आहे का, हे पाहावं लागे. आता त्या तरतुदीत ‘व्यक्तिगत माहिती’ एवढंच कारण उरलं. जनहितासाठी माहिती देण्याची वाट ८(२)मध्ये अजून आहे, पण नकार देऊ पाहणाऱ्या अधिकाऱ्याचं काम सोपं झालं. हजेरीपटावरचं नाव ही व्यक्तिगत माहिती आहे, असं उद्या कुणी म्हटलं, तर कोट किरानात जे झालं ते ग्रामसभेत कसं होणार?

मुंबईत किंवा बंगळुरूत बसलेल्या अभ्यासकाला उशीर मोजायला नाव लागत नाही; तारखा पुरतात. गावातल्या लोकांना खोटं मस्टर पकडायला नाव लागतंच. तिथं तारखा पुरत नाहीत. एकाच कागदाचे हे दोन वापर आहेत. अभ्यासकांकडे जाणाऱ्या प्रतीतून नाव आणि जॉबकार्डचा क्रमांक काढून त्या जागी दुसरा, उलगडता न येणारा क्रमांक घाला. ग्रामसभेत वाचायच्या प्रतीत नाव राहू द्या, खातं आणि आधार झाका. प्रणालीत एवढा बदल करणं अवघड नाही. कुठल्या रकान्याची गरज कुणाला आहे, हे ठरवायला मात्र अधिकारी, अभ्यासक आणि मजूर संघटना एका टेबलाशी बसाव्या लागतील.

अभ्यास पूर्ण झाला की निष्कर्ष मराठीत, दोन पानांत लिहून त्या गावांच्या ग्रामसभेतही मांडावेत. मस्टर बंद झाल्याची तारीख कागदावर एक आणि प्रत्यक्षात दुसरी होती, हे तिथंच कळतं. नमुना ५ न मिळालेली माणसं तिथंच भेटतात, आणि पुढच्या अभ्यासात त्यांचा रकाना घालता येतो.